पिवळ्या हेल्मेटची शिफ्ट

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. घरात लिहिलेलं असं एकच काही असतं, दाराच्या मागे पप्पांनी चिकटवलेला शिफ्टचा तक्ता. त्यात मी लिहायला बसलोय तो विषय मोबाइलवरच्या खेळाचा. यात काय लिहिण्यासारखं आहे, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पण मी एका माणसावर आळ घेतला, आणि तो आळ या खेळातूनच उभा राहिला. खेळाबद्दल सांगितल्याशिवाय ते मला सांगता येत नाही, म्हणून सांगतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात दापोडीला राहतो, रेल्वेलाइनीच्या बाजूच्या गल्लीत. दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी. शेजारच्या खोलीत माझा मित्र. त्यांचं घर आणि आमचं घर लातूरकडच्या एकाच तालुक्यातून इकडे आलेलं. तो माझ्यापेक्षा वर्षाने मोठा, पण वर्ग एकच. खेळ मला त्यानेच शिकवला. पाचजणांची एक टीम, पाचजणांची दुसरी. प्रत्येकाने आपापला हिरो घ्यायचा, तीन रस्त्यांनी पुढे जायचं आणि समोरच्यांचा किल्ला पाडायचा. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने मारायचं. जिंकलं की एक स्टार मिळतो, हरलं की एक जातो. स्टार साठले की वरची रँक, गोल्ड, मग डायमंड अशी; काही महिन्यांनी सीझन संपला की मोजणी नव्याने.

दोन वर्षं आम्ही जोडीने खेळलो. गॅलरीत भिंतीला पाठ लावून, खांद्याला खांदा. खालच्या रस्त्याने जाताना नदी ओलांडायच्या आधी डावीकडच्या झाडीत शिरायचं आणि तिथून मागून निघायचं, ही वाट त्याने मला दाखवली होती. तो पुढे राहून मार खायचा, मी मागून मारायचो. नाव माझं व्हायचं.

बारावीनंतर तो चाकणला एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागला. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. त्याचे मार्क माझ्यापेक्षा फार कमी नव्हते, पण त्याच्या वडिलांचं गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं आणि घरात दुसरं कुणी कमावणारं नव्हतं. यावर आम्ही कधी बोललो नाही. तो कंपनीच्या बसने जायला लागला, मी कॉलेजच्या.

कॉलेजात मला करमत नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही. सगळे एकमेकांशी इंग्रजीत सुरू करायचे आणि माझ्याशी बोलताना थोडं थांबून मराठीत यायचे. त्या थांबण्याची मला लाज वाटायची. डबा मी लॅबच्या मागच्या जिन्यावर खायचो. पहिलं वर्ष असंच गेलं. दुसऱ्या वर्षी नोटीस लागली की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आमच्या खेळाची टीम निवडायची आहे. मी गेलो. कॅप्टन शेवटच्या वर्षाचा होता. त्याने माझा फोन हातात घेतला, रँक बघितली आणि विचारलं, ही जोडीने चढलास का. मी हो म्हटलं.

"जोडीची रँक मी धरत नाही भावा," तो म्हणाला. "एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर बसून वर येतो. सोलो डायमंड करून दाखव, सीझन संपायच्या आत. एक जागा ठेवतो."

सीझनचे सात आठवडे उरले होते. मला त्याच्या बोलण्याचा राग आला नाही, कारण खांद्यावर कोण बसलं होतं ते मला माहीत होतं. पण ती एक जागा मला हवी होती. त्या कॉलेजात माझ्यासाठी कुणी जागा ठेवतो म्हणालं, ते तेव्हा पहिल्यांदाच.

मी मित्राला सांगितलं. तो बूट काढत होता. म्हणाला, "जा की मग एकटा. मी कुठं धरून ठेवलंय तुला." आणि हसला. ते हसू मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं आणि दर वेळी मला त्यात नवीन काहीतरी सापडलं. आपण आता खेळत नाही असंही त्याने सांगितलं. पण भेटला की एकच विचारायचा, "कुठवर आलास?"

सोलो खेळणं म्हणजे दर वेळी चार अनोळखी माणसांच्या भरवशावर उतरायचं. एकजण सुरुवातीलाच मरतो आणि मग किल्ल्यात उभा राहून फक्त बघतो. एकजण मध्येच निघून जातो. एकजण इतका वाईट खेळतो की हा मुद्दाम करतोय असं वाटतं. आणि वरची रँक एक स्टारवर आली की हटकून हरायला होतं. खेळणारे सगळे म्हणतात की गेमच तसा बनवलाय, तुम्हाला तिथे अडकवतात. मी त्यावर विश्वास ठेवला. हरल्यावर मी त्या चौघांच्या मागच्या मॅचेस उघडून बघायचो. हा आधी कसा खेळला, कुणाबरोबर खेळला, याचं समोरच्यांशी काही आहे का. कधी कधी मॅचपेक्षा तपासायलाच जास्त वेळ लागायचा.

पप्पा कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर आहेत. कंपनीत टाकून दिलेले उत्पादनाच्या नोंदीचे कोरे कागद ते घरी आणतात, पाठकोरे म्हणून. त्यावर रकाने छापलेले असतात: वेळ, शिफ्ट, मशीन, रिजेक्शन, कारण. मी त्याच कागदांवर मॅचेस लिहायला लागलो. वेळेच्या रकान्यात वेळ, मशीनच्या रकान्यात माझा हिरो, आणि कारणाच्या रकान्यात कुणामुळे हरलो ते. तीन आठवड्यांत चार कागद भरले. कारणाच्या रकान्यात मी एकदाही स्वतःला लिहिलं नव्हतं. हे तेव्हा लक्षात आलं नाही.

त्या कागदांवर एक खातं परत परत यायला लागलं. नावाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, वाचता न येणारी, आणि चित्र पिवळ्या हेल्मेटचं. कधी तो माझ्या टीममध्ये असायचा, कधी समोर. माझ्या टीममध्ये असला की स्वतःचा रस्ता सोडून माझ्या रस्त्यावर यायचा आणि मी मारत आणलेला शत्रू शेवटचा वार करून घेऊन जायचा. समोर असला की डावीकडच्या झाडीत, बरोबर त्या वाटेवर, माझी वाट बघत उभा असायचा. ती वाट मला शिकवणारा एकच माणूस होता.

आणखी एक गोष्ट. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटा डोळा असतो. आपल्या यादीतलं कुणी आपली मॅच बघत असेल तर त्या डोळ्याशेजारी आकडा येतो. कोण ते कळत नाही, फक्त किती ते कळतं. माझ्या मॅचमध्ये बरेचदा एक असायचा. माझ्या यादीत वीसेक जण होते, त्यात नुकताच कॉलेजचा कॅप्टनही आला होता. मी धरून चाललो की तोच माझी परीक्षा घेतोय. मला कुणी बघतंय हे कळलं की माझा उजवा अंगठा थरथरतो, शाळेत फळ्यावर गणित करायला बोलावलं की खडू थरथरायचा तसा. तरी तो डोळा दिसला की मी सावरून खेळायचो. वेड्यासारखा पुढे धावत नव्हतो. खरं सांगायचं तर त्या मॅचेस मी जास्त जिंकलो.

पण डोक्यात हेल्मेट बसलं होतं. आमच्याकडे कंपनीचा माल खराब म्हणून परत आला की पहिला प्रश्न विचारतात, कुठल्या शिफ्टचा? पार्टवर मारलेला शिक्का बघायचा, शिफ्ट काढायची, मग त्या शिफ्टला मशीनवर कोण होतं ते काढायचं. पप्पांच्या जेवतानाच्या गप्पांत लहानपणापासून हेच ऐकत आलोय. मीही तेच केलं. चार कागद जमिनीवर पसरले आणि पिवळं हेल्मेट कोणत्या वेळी भेटलं त्यावर पेनाने गोल केले.

एका आठवड्यात तो फक्त संध्याकाळी पाचनंतर भेटला होता. पुढच्या आठवड्यात फक्त सकाळी, मी कॉलेजला निघायच्या आधी. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा संध्याकाळी, पण साडेनऊ झाले की गायब. आणि गुरुवारी केव्हाही. आमच्या पट्ट्यात बहुतेक कंपन्यांना सुट्टी गुरुवारची असते. कॉलेजातल्या मुलांना हे सांगावं लागतं, आम्हाला नाही. आमच्या गल्लीत रविवारी सामसूम आणि गुरुवारी मटणाचा वास. शिफ्टच्या रकान्यात मी लिहिलं, सकाळची फर्स्ट, दुपारची सेकंड, रात्रीची थर्ड, गुरुवार सुट्टी. हे खातं कंपनीत जाणाऱ्या माणसाचं होतं यात शंकाच नव्हती. मग मी आठवलं की त्या तीन आठवड्यांत शेजारच्या दाराबाहेर सेफ्टी शूज कधी असायचे आणि कधी नसायचे. तंतोतंत जुळलं. त्या दुपारी मला जो आनंद झाला तो आठवला की आजही कसंतरी होतं.

तरी मी लगेच बोललो नाही. सापळा लावला. गॅलरीत तो "कुठवर आलास" म्हणाला तेव्हा मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, आता मी डावीकडची झाडी सोडली, वरच्या बाजूने जातो. हे मी जगात दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "वरून उघडा पडशील राव." दोन दिवसांनी हेल्मेट समोरच्या टीममध्ये आलं. पहिल्यांदा मी वरून गेलो, कुणी नव्हतं. दुसऱ्यांदा गेलो, कुणी नव्हतं. तिसऱ्यांदा गेलो तर तो तिथे उभा होता. दोनदा एकाच वाटेने गेलेल्या माणसाची तिसऱ्यांदा कुणीही वाट बघेल, हे मला आज कळतं. मी मेल्यावर त्याने चॅटमध्ये लिहिलं, "सॉरी भावा." ती मॅच हरलो आणि डायमंडला एक स्टार कमी पडला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कंपनीची बस थांबते तिथे, मुंबई-पुणे रस्त्यावर, साडेचारला जाऊन उभा राहिलो. तो उतरला. खांद्याला डब्याची पिशवी, शर्टाला मशीनच्या कूलंटचा वास. मला बघून त्याला बरं वाटलं, हे मी पाहिलं. त्याला वाटलं असेल मी बातमी घेऊन आलोय.

"झालं का?" त्याने विचारलं.

"तूच आहेस ना तो?"

"कोण?"

मी सगळं सांगितलं. हेल्मेट, शिफ्ट, गुरुवार, झाडी. कागद बरोबर नेले होते, तेही दाखवले. त्याने कागद हातात घेऊन नीट वाचले. रकाने त्याच्या ओळखीचे होते. मग म्हणाला, "आमच्या सुपरवायझरलाही एवढं जमत नाही."

मी हसलो नाही. म्हटलं, चेष्टेवारी नेऊ नकोस.

"मी खेळत नाही म्हणून सांगितलंय तुला."

"खोटं आहे ते."

त्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी इतके दिवस मनात घोळवलेलं वाक्य तयार होतं आणि ते बाहेर आलं. मी म्हणालो, "तुझं कॉलेज राहिलं म्हणून माझंही अडावं असं वाटतं तुला."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. त्याने कागदांची नीट घडी केली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बरं. असू दे तसं." मग तो पुढे चालत गेला. घर एकाच गल्लीत होतं, तरी मी मागे अंतर ठेवून गेलो.

त्यानंतर आमचं बोलणं थांबलं. मला सगळ्यात मोठा पुरावा वाटला तो हा की त्या दिवसापासून पिवळं हेल्मेट दिसेनासं झालं. पकडला गेला, म्हणून बंद केलं, असं मी स्वतःला सांगितलं. कोपऱ्यातला डोळाही शून्यावर गेला. त्याचा अर्थ मी असा लावला की कॅप्टनने माझ्याबद्दल ठरवून टाकलंय. काय ठरवलंय या काळजीने मी वाईट खेळलो, पाच स्टार घालवले, आणि ते परत मिळवायला नऊ दिवस लागले. सीझन संपायला दोन दिवस असताना मी डायमंड झालो. स्क्रीनवर हिरा चमकला. मी गॅलरीत बसलो होतो. शेजारचं दार बंद होतं. आठवड्याआधीच तो चाकणला कंपनीतल्या पोरांबरोबर खोली घेऊन राहायला गेला होता. जाण्यायेण्याचा वेळ वाचतो असं त्याच्या आईने माझ्या आईला सांगितलं होतं. मला त्यातही पळून जाणं दिसलं.

कॅप्टनने शब्द पाळला. मला पाचवी जागा मिळाली. पहिल्या रविवारच्या सरावानंतर आम्ही सगळे कॉलेजच्या गेटसमोर वडापाव खायला थांबलो. तेव्हा मी धीर करून त्याला म्हणालो, तुम्ही माझ्या मॅचेस बघत होता ते मला कळत होतं. त्याने वडापाव तोंडाजवळ तसाच धरला.

"मी? मला कुठे वेळ आहे रे? मी फक्त रँक बघतो."

बाकीचे हसले, वाईट हसले नाहीत. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत बसमध्ये एकच विचार होता, मग बघत कोण होतं.

त्या आठवड्यात पप्पांना ते कागद सापडले. त्यांना वाटलं कंपनीचेच आहेत. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला विचारलं. मी अडखळत सांगितलं. मला वाटलं खेळण्यावरून बोलतील. ते शिफ्टच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "शिफ्ट कळली म्हणजे माणूस कळला, असं कुणी सांगितलं तुला? एका शिफ्टला भोसरीपासून चाकणपर्यंत किती माणसं सुटतात, बघितलंयस कधी? तुझ्या या कागदावर तर मीसुद्धा बसतो." आणि खरंच, त्या तीन आठवड्यांत पप्पांची शिफ्टही तीच होती. तक्ता माझ्या डोळ्यांसमोर दाराला लावलेला होता.

तरी मी पूर्णपणे मानलं नाही. मनातून संशय काढणं सोपं नसतं, निदान मला नाही. मग एका गुरुवारी पिवळं हेल्मेट परत आलं, माझ्या टीममध्ये. मॅच जिंकलो. संपल्यावर त्याने मला मैत्रीची विनंती पाठवली आणि लगेच मेसेज.

"भावा, कुठल्या कंपनीत आहेस?"

मी लिहिलं की कंपनीत नाही, शिकतो. तो म्हणाला, मला वाटलं आमच्याच लाइनवरचा कुणीतरी आहेस आणि नाव लपवून खेळतोयस. गुरुवारी हमखास असतोस, शिफ्ट सुटली की असतोस. तो तळवड्याच्या एका छोट्या युनिटमध्ये वेल्डर होता. मधले दिवस बहिणीच्या लग्नाला बुलढाण्याला गेला होता. म्हणजे इतके दिवस तोही माझ्याकडे तसंच बघत होता. मी विचारलं, माझ्या रस्त्यावर का यायचास. त्याने लिहिलं, "एकटा पडायचास ना तू तिकडं. मरू नये म्हणून यायचो." शेवटचा वार त्याच्याकडून चुकून व्हायचा म्हणे, त्याबद्दल त्याने परत सॉरी लिहिलं.

मी खेळ बंद केला. मित्राला फोन लावावा असं वाटलं. दोनदा नंबर काढला आणि बंद केला.

दोन दिवसांनी शेजारच्या काकू, त्याची आई, आमच्याकडे आल्या. हातात त्याचा जुना फोन होता. तो चाकणला जाताना घरीच ठेवून गेला होता, तिकडे त्याने हप्त्यावर दुसरा घेतला होता. काकूंना गावाकडे बोलायला हा फोन हवा होता. आमच्या गल्लीत फोन, टीव्ही, फॉर्म भरणं, सगळं माझ्याकडे येतं, कारण मी इंजिनिअरिंगला आहे. त्या आईजवळ चहाला टेकल्या आणि मला म्हणाल्या, "बघ की बाळा, हा दुरुस्त होतो का. अर्ध्यावर बोटच लागत नाही."

मी फोन चालू केला. डावी बाजू चालत होती. उजव्या बाजूवर कुठेही बोट ठेवलं तरी काही होत नव्हतं. मी विचारलं, हा कधीपासून असा आहे.

"दिवाळीपासून. कंपनीच्या गेटवर लॉकरमध्ये ठेवताना पडला. तवापासून त्याचं खेळणं बंद. नुसतं चालता येतंय, मारता येत नाही म्हणायचा. मग कामावरून आला की तुझाच खेळ लावून बसायचा. चहा गार होऊन जायचा. मी म्हणलं, त्याच्या शेजारी जाऊन बस की, भिंतीपलीकडं तर आहे. तर म्हणला, आई, त्याला सांगू नको. कुणी बघतंय कळलं की हात थरथरतो त्याचा."